औंध : बहात्तर गावांची राजधानी, आज तालुक्याचं गावही नाही

मूळपीठ

मंडळी, पुण्यात कुणाला 'मी औंधचा' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "परिहार चौकाच्या अलीकडं का पलीकडं?" ते औंध नव्हे. आमचं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. रहिमतपूर मागं टाकून पुढं आलं की माळावर एकटी उभी टेकडी दिसते. तिच्या माथ्यावर यमाईचं मूळपीठ, पायथ्याला गाव. एस्टीतून येणाऱ्याला आधी देवी दिसते, मग गाव.

पौषातल्या यात्रेला जाऊन आलो. शेजारचा दहावीतला मुलगा बरोबर होता, चुणचुणीत पोरगा. टेकडीवरच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं कुठं आहेत ते त्याला पाठ. पण १९३९ साली या गावात काय घडलं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या वडिलांनाही नव्हतं. चहाच्या टपरीवर चारचौघांना विचारलं, तिथंही तेच. ते मनाला लागलं, म्हणून हा धागा काढतोय.

थोडं मागचं सांगतो. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा इकडे मोगलांकडून किल्ले परत घेण्यासाठी जी माणसं झटली त्यांत किन्हईच्या कुलकर्ण्यांचे परशुराम त्र्यंबक होते. प्रतिनिधीपद या घराण्यात आलं ते त्यांच्या कर्तबगारीवर. छत्रपतींच्या वतीनं कारभार पाहणारा तो प्रतिनिधी, मान अष्टप्रधानांच्याही वरचा. घराण्याचं मुख्य ठाणं आधी कराडला होतं. यमाई ही त्यांची कुलदेवता, आणि पुढं तिच्या पायाशी औंधलाच राजधानी आली. इंग्रजी अमलात हातात उरलं ते बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध इथं, आटपाडी माणदेशात, कुंडल सांगलीच्या अंगाला आणि गुणदाळ थेट विजापूरकडं. मधल्या मुलखात दुसऱ्यांची हद्द.

१९०९ साली भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. आमच्या घरात ते अजून नुसते 'महाराज' आहेत. स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे. माझ्या आजोबांची ती सवय म्हातारपणीही सुटली नाही. थंडीत परसात घोंगडी अंथरून ते 'ॐ ह्रां मित्राय नमः' म्हणत आणि एकेक नमस्कार झाला की चिंचोक्यांच्या ढिगातला एक चिंचोका उजवीकडून डावीकडं सरकवत. आम्ही पोरं गोधडीतून तो चिंचोक्याचा टक्क आवाज मोजत पडलेलो असायचो.

आता मुद्दा. १९३८ च्या अखेरीस महाराजांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचा, आणि जानेवारी १९३९ मध्ये संस्थानची घटना आली. मसुद्यावर गांधीजींनी स्वतः हात फिरवला होता. घडवणाऱ्यांत महाराजांचे चिरंजीव अप्पासाहेब होते, विलायतेतून बॅरिस्टर होऊन परतलेले तिशीच्या आतले तरुण, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे ज्यू इंजिनिअर. सगळी उतरंड खालून वर रचलेली. गावानं आपली पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि तालुक्यांतून विधिमंडळ. राजानं आपल्या खासगी खर्चाला स्वतःच मर्यादा घालून घेतली. हे लक्षात घ्या की महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या १९६२ साली. म्हणजे तेवीस वर्षं आधी आमच्या दुष्काळी मुलखात गावपंचायतीच्या पायावर उभं राहिलेलं राज्य चालू होतं.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. राजधानी गेली ती गेलीच, तालुक्याचं ठाणंही वडूजला. ज्या गावातून बहात्तर गावांचा कारभार चालायचा तिथल्या माणसाला आज कचेरीच्या कामाला वडूज गाठावं लागतं. त्याचं दुःख मला फारसं नाही. राज्य सोडून दिल्यावर राजधानी कशी राहील? दुःख आहे ते आपण काय सोडून दिलं हेच विसरल्याचं. औंध म्हणजे संग्रहालय, एवढीच ओळख उरली आहे. संग्रहालय थोरच आहे, पण औंधची खरी मिळकत ती घटना आहे. तुमच्याकडं घरातल्या आठवणी असतील तर लिहा.

कृष्णाकाठचा

मूळपीठ, मनापासून आभार. आम्ही कुंडलचे, म्हणजे तुमच्याच संस्थानातले. आमच्या पणजीच्या बोलण्यात 'औंध सरकार' असाच शब्द असायचा. चांगला कारभार झाला तरी औंध सरकार, सारा जास्त बसला तरी औंध सरकार.

दोन गोष्टी घालतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा महाराजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. साल १९१०. निवडुंग आणि नाग यांखेरीज त्या माळावर काही नव्हतं. तिथं लोखंडी नांगर तयार होऊ लागला आणि स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. कराडजवळची ओगलेवाडीही त्याच संस्थानी आश्रयातली, घराघरांत टांगलेला प्रभाकर कंदील तिथला. एवढ्याशा संस्थानात दोन कारखाने उभे राहिले, ते राजानं माणसं ओळखली म्हणून.

दुसरी गोष्ट बेचाळीसची. कुंडल हा प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या समांतर सरकारचा, बालेकिल्ला. जी. डी. बापू लाड आमच्या गावचे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना या गावाचा आधार होता, आणि त्याचं एक कारण हद्द हे होतं. इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख यांच्या शिवा एकमेकांत शिरलेल्या. एका शिवारात इंग्रजांचा पोलीस, ओढा ओलांडला की औंधचा अंमल. औंधचा अंमल आपल्या माणसांवर राग धरणारा नाही हे लोकांना माहीत होतं. तुम्ही घटनेबद्दल लिहिलंत. माझ्या मते ज्या गावांना पंचायत चालवायची सवय लागली होती त्यांना प्रतिसरकारची न्यायमंडळं परकी वाटली नाहीत. कुंडलपुरतं तरी मी हे खात्रीनं म्हणेन, कारण दोन्हीकडं बसणारी माणसं गावातलीच होती.

सेलमचा गलाई

नमस्कार मूळपीठ दादा. मी खटाव तालुक्यातलाच, औंधपासनं जवळ. सतरा वर्षं झाली तमिळनाडूत सेलमला हाय, गलाईचा धंदा. ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सराफ कट्ट्यावरचं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं काम म्हंजी गलाई. खानापूर, आटपाडी, खटाव, माण हितली पोरं ह्या कामावर देशभर पांगल्यात. पाऊस नाही, मग करायचं काय? चुलत्याच्या मागनं पुतण्या, मेव्हण्याच्या मागनं मेव्हणा, असं गाव सुटत गेलं.

पर पौषात आमी येतोच. दुकानाला कुलूप लावून येतो. यमाई आमची कुलस्वामिनी. लग्न झालं की जोडी आधी तिच्या पायऱ्या चढती, मग बाकीचं. ह्या वर्षी पोरीचं जावळ होतं. आई गुडघेदुखीनं वर चढू शकली नाही, तर खालच्या, गावातल्या यमाईला तिनं नारळ दिला आन् दीपमाळंच्या चौथऱ्यावर बसून राह्यली. ती दीपमाळ एवढी उंच की पोरगी मान मागं टाकून बघता बघता पाठीवर पडली.

राजाचं राज्य, घटना, हे मला आज कळलं. दादा, खोटं कशाला बोलू, छाती फुगली. माझ्या आज्ज्याला गावात 'पंच' म्हणायची, आमाला वाटायचं नुसतं टोपणनाव हाय.

मूळपीठ

सेलमच्या भावा, गावाकडं गेलास की म्हाताऱ्या माणसांना आज्ज्याच्या पंचपणाबद्दल जरूर विचार. तुझं गाव तेव्हा संस्थानात असेल तर ते टोपणनाव नव्हेच.

जुनी पाटी

मी निवृत्त शिक्षिका. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं खटाव तालुक्यात गेली. धागा आवडला, पण एक बाजू राहते आहे ती मांडते.

औंधच्या घटनेत मताला साक्षरतेची अट होती. लिहिता-वाचता येईल त्याला मत. ही अट गांधीजींनीच सुचवलेली. हेतू चांगला असेल, पण १९३९ साली आपल्या खेड्यात अक्षर कुणाला येत होतं? वाड्यातल्यांना, पाटील-कुलकर्ण्यांना, थोड्या सुखवस्तू शेतकऱ्यांना. बायकांना जवळजवळ नाहीच. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर विचारूच नका. माझ्या वर्गात १९७८ साली त्या वस्तीतली पहिलीच मुलगी सातवीपर्यंत पोचली होती. तिच्या आजीला त्या घटनेनं काय दिलं? 'प्रजेच्या हाती राज्य' म्हणताना ती प्रजा कोण, हे विचारलं पाहिजे. महाराजांबद्दल मला आदर आहे. पण आपण आपल्या राजाची गोष्ट सांगताना त्याच्यासोबत आपल्या पूर्वजांनाही फार उजळ करून सांगतो.

आणि १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर आपल्या भागात ब्राह्मणांची घरं जळाली. पंडित सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला आले, तीस वर्षं तिथं राहून वेदांचं केवढं काम त्यांनी केलं. स्वाध्याय मंडळ, छापखाना, मासिकं, सगळं औंधमध्ये. त्या उलथापालथीनंतर ते गुजरातेत पारडीला गेले आणि शंभरी ओलांडून तिथंच वारले. ज्या भागात गांधीजींच्या हातची घटना राबली, त्याच भागात गांधीजींच्या नावानं शेजाऱ्याचं घर पेटलं. 'गाव विसरलं' असं तुम्ही म्हणता, त्यात हेही विसरणं आहे का?

मूळपीठ

बाई, तुमचं पहिलं म्हणणं मान्य. अट होती आणि तिचा फटका कुणाला बसला असेल हे उघड आहे. मी ते लिहायला हवं होतं.

घरातली एक गोष्ट सांगतो, वाद घालायला नव्हे. माझी आजी निरक्षर होती. मत हवं तर अक्षर हवं म्हणून आजोबांनी तिला पाटी आणून दिली. दिवसभर शेण, भाकरी, पाणी. रात्री चुलीच्या उजेडात ती स्वतःचं नाव गिरवायची. तिच्या नावात जोडाक्षर होतं, ते तिला काही केल्या येईना. शेवटी तिनं नावच सोपं करून घेतलं. पुढं सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, सगळीकडं तेच सोपं नाव लागलं. मरेपर्यंत ती एवढंच लिहायची, बाकी काही नाही. वाचता तिला कधीच आलं नाही. म्हणजे अटीनं तिला अक्षर दिलं का फक्त सही दिली, हा तुमचा प्रश्न माझ्या घरातच उभा आहे.

१९४८ बद्दल आमच्या घरात बोलत नसत. आजोबा विषय बदलायचे. आता ते नाहीत.

तानपुरा

औंधला वर्षात एक रात्र अशी असते की गावातल्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे ख्याल ऐकत बसलेले असतात. अश्विन वद्य पंचमी. संस्थानचे दरबारी गायक अंतुबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली हा उत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, गाणं आणि व्हायोलिन दोन्ही हातांत असलेले, यांनी तो पुढं चालवला. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर हे त्यांचेच शिष्य. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिकेची मिजास नाही. दत्ताचं देऊळ, सतरंज्या आणि गाणं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी डोक्याला मुंडासं बांधलेले एक आजोबा होते. मध्यरात्र उलटून गेलेली. बडा ख्याल चालू, विलंबित, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, यायला बराच अवकाश. आजोबांचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपले. सम आली आणि त्यांचा हात बरोबर गुडघ्यावर पडला. पुढच्या आवर्तनालाही, त्याच्या पुढच्यालाही. नंतर चहाला बोललो. म्हणाले, गाण्यातलं मला कळत नाही, लहानपणापासून दरवर्षी ऐकतोय एवढंच. मुंबई-पुण्यात मी पुष्कळ मैफली ऐकल्या, असा श्रोता क्वचित भेटला.

संस्थान १९४८ ला गेलं, उत्सव थांबला नाही. राजाश्रयाशिवाय चालणारी ही औंधची गोष्ट मला त्या घटनेइतकीच मोठी वाटते.

गोपूजकर

मी हितंच राहतो, औंधच्या शेजारी. शेती करतो. सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिवलंय. पर मूळपीठ भाऊ, तुमच्या लिहिण्यात गाव झोपल्यागत वाटतं, ते मला पटत नाही. तुमी वर्षातनं दोनदा येता, तवा तुमाला मागचंच दिसतं.

आमचं आजचं सगळं पाण्याभवती फिरतं. खटाव-माण म्हंजी कायम दुष्काळी. सह्याद्रीवर कोसळतो तो पाऊस आमच्यापतूर येईस्तोवर संपतो. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू ही पाणी-योजनांची नावं आमच्या पोरांना राजाच्या वंशावळीच्या आधी पाठ होत्यात. पाण्यासाठी ह्या पट्ट्यातली गावं एकत्र बसल्यात, ठराव केल्यात, मोर्चे काढल्यात, मतदानावर बहिष्काराची भाषा केलीया. तुमी १९३९ च्या पंचायती शोधताय नव्हं? मग ग्रामसभेला या. एका ग्रामसभेत पाण्याच्या ठरावावर रात्री साडेअकरापतूर बसलो होतो, बायका सुदिक उठल्या नाहीत. ज्या बाईनं सगळ्यात जोरात मुद्दा मांडला तिला सहीबी येती आन् मोबाईलवर धरणाचा साठाबी बघता येतो.

यात्रेतला जनावरांचा बाजार बी लिवा की कुणीतरी. खिलार खोंड बघायला लांबनं माणसं येत्यात. दात बघायचं, खुर बघायचं, शेपटी धरून चालवून बघायचं, आन् मग उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचा. त्वांडानं एक आकडा बाहेर पडत नाही. माझ्या बापानं मला उपरण्याखालची बोटं शिकिवली. आता फोनवर फोटो बघून बी सौदा होतो, पर बैलांच्या शर्यती परत सुरू झाल्यापास्नं खोंडाला पुन्हा मोल आलंय.

मूळपीठ

गोपूजकर, तुमचं खरं आहे. लांब राहणाऱ्याच्या डोळ्याला गाव थांबलेलंच दिसतं. पुढच्या ग्रामसभेची तारीख कळवा, रजा टाकून येतो.

माणदेशी माती

आटपाडीकर आहे, उशिरा आलो. स्वतंत्रपूरचं नाव अजून कुणी काढलं नाही, याचं नवल वाटलं. १९३९ च्याच सुमारास, त्याच प्रयोगाचा भाग म्हणून आटपाडीजवळ खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण कोट नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची, विहीर ओढायची, बायको-पोरांना जवळ आणून राहायचं. यातही फ्रीडमन आणि अप्पासाहेबांचा हात. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मागं हीच वसाहत आहे आणि त्याचं लेखन गदिमांचं. गदिमांचे वडील औंध संस्थानच्या नोकरीत, स्वतः गदिमा काही काळ औंधच्या शाळेत. त्यामुळं ती कथा त्यांना कुठून बाहेरून आणावी लागली नाही.

लहानपणी आमच्याकडं बाजाराच्या दिवशी स्वतंत्रपूरची माणसं यायची. कैदी म्हणून कुणी वेगळं बघत नसे. आई त्यांच्याकडून भाजी घ्यायची, कारण ते वजनात मारत नाहीत असं तिचं म्हणणं. सरकारी कागदावर ती जन्मठेप होती, आमच्या आईच्या लेखी तो खात्रीचा वाफा होता.

मूळपीठ, म्हणून तुमच्या मथळ्याबद्दल एक सांगू का? आमच्या बाजूनं बघितलं तर औंध ही एक जागा नव्हे. औंधला जे ठरलं ते कुंडलला कारखाना म्हणून दिसलं, आमच्याकडं वसाहत म्हणून. राजधानीत शोधलंत म्हणून तुम्हाला कमी सापडलं.

प्रवासी पक्षी

साधा प्रश्न. मायणीला पक्षी बघायला जाणार आहोत, कुटुंब बरोबर आहे. वाटेत औंध करता येईल का? संग्रहालयात काय चुकवू नये? आणि ते फ्रीडमन पुढं कुठं गेले?

मूळपीठ

सहज होईल, पण अर्धा दिवस ठेवा. सकाळी आधी मूळपीठ चढा, ऊन व्हायच्या आत. संग्रहालय टेकडीच्या मध्यावर आहे, उतरताना बघा. जाण्याआधी उघडं आहे ना याची चौकशी करा, सुट्टीचा दिवस निघाला तर मुलं हिरमुसतील.

श्री भवानी चित्रसंग्रहालय १९३८ सालचं. जागा मुद्दाम डोंगरावर निवडलेली. देवीला येणारा शेतकरी येता-जाता चित्रं बघेल, एरवी त्याला मुंबईच्या गॅलरीत कोण नेणार, असा त्यामागचा विचार आमच्याकडं सांगतात. मला तो महाराजांच्या स्वभावाला धरून वाटतो. आजही यात्रेत डोक्यावर नैवेद्याची पाटी घेतलेल्या बायका रविवर्म्यासमोर उभ्या असतात. बघण्यासारखं पुष्कळ आहे. रविवर्मा, धुरंधर, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रती, हस्तिदंती काम. पण हेन्री मूरचं आई आणि मूल हे दगडी शिल्प अजिबात चुकवू नका. मोठं नाही, सांगितलं नाही तर माणूस पुढं निघून जातो. इंग्लंडच्या एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यात! माझी बायको त्याच्यासमोर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ही बाई कडेवर पोर घेऊन एस्टीची वाट बघतेय. तेव्हापासून मलाही ती तशीच दिसते.

महाराजांची स्वतःची चित्रंही बघा. रामायण त्यांनी चित्रांतून मांडलं आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुढाकार घेऊन पैसा उभा केला. संस्थान दुष्काळी, उत्पन्न बेताचं. त्यातून हे.

फ्रीडमन भारतातच राहिले. खादीवाले, चरख्यात सुधारणा करणारे, भगव्या कफनीतले इंजिनिअर. उत्तरायुष्यात मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडं जात. मराठीतले त्यांचे संवाद इंग्रजीत नेले ते फ्रीडमननीच. अप्पासाहेब पुढं राजदूत झाले, पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत.

कृष्णाकाठचा

प्रवासी, सवड असेल तर किर्लोस्करवाडीचा जुना भागही बघा. औंधपासून लांब पडेल, पण गोष्ट तिथं पुरी होते.

जुनी पाटी

माणदेशी माती यांचा मुद्दा मला पटला. औंधबद्दल आणखी एक आठवलं. साने गुरुजी विद्यार्थीदशेत औंधला शिकायला होते. स्वस्तात शिक्षण होईल म्हणून लांब कोकणातून आलेलं पोर, हातानं रांधून खायचं. प्लेगमुळं त्यांना औंध सोडावं लागलं. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम गप्प व्हायची, कारण त्यांच्यातलीही काही खोली करून राहिलेली असायची, स्टोव्हवर भात टाकून शाळेत आलेली.

गोपूजकरांनी ग्रामसभेतल्या ज्या बाईंबद्दल लिहिलं त्यांचं कौतुक वाटलं. माझ्या त्या विद्यार्थिनीची आठवण झाली. ती नंतर अंगणवाडीसेविका झाली, एवढं मला कळलं होतं.

मूळपीठ, तुमच्या आजीची ती पाटी अजून आहे का?

मूळपीठ

आहे, बाई. दगडी पाटी आहे, लाकडी चौकट एका बाजूनं निखळलेली. धाकट्या आत्याकडं असते, रहिमतपूरला. तिनं ती देवघराच्या मागं ठेवली आहे. मागं एकदा तिनं पुसायला काढली तर मी ओरडलो होतो, पण त्यावर आता काही लिहिलेलं नाही. खूप वर्षांपूर्वीच पुसलं गेलंय. प्रकाशात तिरकी धरली तर मात्र एका जागी खोल रेघा दिसतात, पेन्सिल दाबून दाबून उठलेल्या. त्या जोडाक्षराच्या असाव्यात असं आत्या म्हणते.

अश्विन पंचमीला उत्सवासाठी येताना ती घेऊन येईन. तानपुरा, तुम्ही असालच. गोपूजकर, तुमचं गाव हाकेच्या अंतरावर आहे. सेलमच्या भावाला जमणार नाही, पण आज्ज्याचं काय कळलं ते त्यानं इथंच लिहावं.

सेलमचा गलाई

दादा, काल रात्री थोरल्या चुलत्याला फोन लावला होता. शहाऐंशी वय हाय, कान कमी आलाय. चारदा विचारल्यावर म्हणला, व्हय, पंच होता तुझा आज्जा. बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या विरुद्ध निकाल दिला होता त्यानं, म्हणून दोन्ही घरांत तीन वर्षं बोलणं नव्हतं. ते भांडण आमाला म्हाईत होतं. निकालाचं आज कळलं.